अल्फाकाका

रविवारी सकाळी सातच्या सुमारास आमच्या पार्किंगमध्ये आलात, तर एका पांढऱ्या बलेनोखालून दोन पाय बाहेर आलेले दिसतील. डाव्या पायात निळी स्लिपर असते. उजवा पाय अनवाणी असतो, कारण त्याच्या अंगठ्यानं लांबचा पाना जवळ ओढायचा असतो. नवा माणूस ते दृश्य बघून दचकतो. दूधवाला दचकत नाही. तो पायांनाच विचारतो, ‘काका, एक की दोन?’ आणि गाडीखालून उत्तर येतं, ‘ते वर काकूंना विचार. जाताना तेवढा चौदाचा पाना इकडे सरकव.’

हे अल्फाकाका. दारावरच्या पाटीवर त्यांचं नाव दुसरंच आहे, पण ते फक्त पोस्टमनला लागतं. सोसायटीतल्या पोरांनी त्यांना अल्फाकाका केलं आणि पुढे मोठ्यांनीही तेच उचललं. काकूंनीसुद्धा परवा गॅसवाल्याला फोनवर सांगितलं, ‘अल्फाकाकांच्या मागची लिफ्ट.’

नावामागची हकिगत अशी. काकांनी २०१७ च्या फेब्रुवारीत बलेनो घेतली. त्या गाडीच्या तेव्हा चार पायऱ्या होत्या: सिग्मा, डेल्टा, झेटा आणि अल्फा. ग्रीक बाराखडीत अल्फा सगळ्यात पहिला, इथे तो सगळ्यात वरचा आणि अर्थातच सगळ्यात महाग. काकांनी बजेट मांडलं, कर्जाचा हप्ता काढला, मुलाच्या क्लासची फी वजा केली, आणि उत्तर डेल्टा आलं. गाडी घरी आली, काकूंनी ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. (आमची सोसायटी दिंडोशीच्या चढावर आहे. ते लिंबू चाकाखाली येण्याआधीच घरंगळत गेटपर्यंत गेलं आणि वॉचमननं आणून दिलं. हा चढ पुढे फार महत्त्वाचा आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.) इथपर्यंत सगळं ठीक होतं. मार्चमध्ये कंपनीनं अल्फाच्याही वर बलेनो आरएस आणली. ९९८ सीसीचं टर्बो इंजिन, शंभर-एक घोड्यांची ताकद, आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक.

पोरीचं लग्न उरकावं आणि महिन्याच्या आत तिच्यासाठी त्याहून बरं स्थळ सांगून यावं, तसं काकांचं झालं. इंजिनाचं त्यांना वाईट वाटलं नाही. ‘जोर काय करायचाय? हायवेला आपण सेकंड गिअरच्या वर जातो कुठे?’ दुखलं ते ब्रेकचं. डेल्टाला पुढे डिस्क आणि मागे ड्रम. ‘म्हणजे बघ,’ मला म्हणाले, ‘आपली गाडी कंबरेपर्यंत आरएस आहे. खालीच तेवढी डेल्टा.’

ही जात दिंडोशीपुरती नाही. मालाडला, मुलुंडला, घाटकोपरला, ज्या ज्या सोसायटीत लोकांनी बाल्कनी ग्रिलमध्ये घेऊन वन बीएचकेचा दीड बीएचके केलाय, तिथे असा एक गृहस्थ असतोच. खालचं घ्यायचं आणि हातानं वरचं करायचं, हा त्याचा धर्म. म्हणूनच तर पोरांनी डेल्टाच्या मालकाला अल्फाकाका केलं. लिमिटेड थाळी मागवून वाटी वाढवून घेणारा हाच. लोकलमध्ये सेकंड क्लासचा पास काढून फर्स्ट क्लासच्या जाळीला टेकून उभा राहणाराही हाच. कारण विचारलं तर म्हणतो, ‘पलीकडून वारा येतो.’ काकांच्या घरी भिंतीवरचं घड्याळसुद्धा एकाचं डबडं आणि दुसऱ्याचं यंत्र आहे, आणि वेळ बरोबर दाखवतं, हे कबूल करायला हवं.

मात्र या जातीत दोन पोटजाती आहेत, आणि त्यांची गल्लत झालेली काकांना खपत नाही. आमच्याच बी विंगमधल्या एका तरुणानं बेस मॉडेलच्या पाठीवर टॉप मॉडेलची अक्षरं चिकटवली. काकांनी त्या पोराशी महिनाभर बोलणं टाकलं. ‘नुसती अक्षरं? आत काय? काही नाही!’ स्वतःच्या गाडीवर त्यांनी आरएसची ती दोन अक्षरं आजवर लावलेली नाहीत. कुर्ल्याला फुकट मिळत होती, तरी घेतली नाहीत. खोटं लावायचं नाही, जे काय असेल ते आतून असावं. त्या माणसाचा हा ताठपणा मला आवडतो, त्यामुळे पुढे जे होईल ते हसत लिहिलं तरी हे आधी नोंदवून ठेवतो.

आता डिस्क आणि ड्रम यांत असं काय आहे? ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा पितळी डब्यासारखा, पण बिडाचा डबा. ब्रेक मारला की आतले दोन शू फाकतात आणि डब्याला आतून घासतात. डिस्क म्हणजे उघडी ताटली. कॅलिपरमधले पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. दोघांचं काम एकच, धावत्या गाडीच्या वेगाची उष्णता करायची आणि ती हवेत सोडायची. डबा तापला की फुगतो, शूपासून लांब जातो, आणि पेडल खाली खाली जायला लागतं. ताटली उघडी असल्यानं लवकर निवते, पाण्यातून गेली तरी पाणी झटकून टाकते. १९०२ साली लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं डिस्कचं पेटंट घेतलं आणि १९५३ ला ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारनं डिस्क लावून मारली, हे आमच्या लिफ्टला पाठ आहे. तळमजला ते सातवा मजला एवढ्या वेळात काका १९०२ वरून १९५३ ला पोचतात.

मी एकदा त्यांच्यासमोर हिशेब मांडला. गाडी आणि दोन माणसं मिळून हजार किलो धरू. ताशी ऐंशीवरून ती थांबवली की ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते, तेवढ्यात पाऊण लिटर पाण्याला उकळी येईल. म्हणजे दहा-बारा कटिंग चहा. वेग चौथा हिस्सा झाला की उष्णता सोळावा हिस्सा होते. दिंडोशीच्या सिग्नलला आपण येतो ताशी वीसनं. तेवढ्यात पन्नास मिलिलिटर पाणी उकळेल, एक कटिंगसुद्धा धड नाही. त्यातही ब्रेक मारला की गाडी पुढे वाकून नमस्कार घालते, वजन पुढच्या चाकांवर जातं आणि मागची चाकं हलकी होतात, म्हणून थांबवण्याचं निम्म्याहून कितीतरी जास्त काम पुढचे ब्रेक करतात. पुढे तुम्हाला डिस्क आहेतच. मागच्या ड्रमच्या वाट्याला येतो कटिंगमधला एक घोट.

काका शांतपणे म्हणाले, ‘आणि घाटात?’

‘घाट’ हा शब्द त्यांच्या तोंडून असा यायचा, जसा निवृत्त सुभेदाराच्या तोंडून ‘सरहद्द’ येतो. खरं तर काका नोकरीला अंधेरीला. २०२२ च्या एप्रिलात दहिसर ते आरे मेट्रो सुरू झाली आणि दिंडोशीला स्टेशन आलं. पुढल्या जानेवारीत ती गुंदवलीपर्यंत गेली, तेव्हापासून गाडी आठवड्याचे सहा दिवस जागची हलत नाही. मेट्रोत उभ्या उभ्या काका तिच्या ब्रेकचं कौतुक करतात. ‘बघितलंस, मोटरच उलटी वीज तयार करते, धक्का नाही काही नाही.’ शेजारचा प्रवासी त्यांना मेट्रोचा माणूस समजून एसी कमी करायला सांगतो.

सुटे भाग मिळाले कुर्ल्याला. ज्या कुर्ल्यात एके काळी प्रीमिअरच्या कारखान्यात पद्मिनी जोडल्या जायच्या, त्याच कुर्ल्यात आता सीएसटी रोडच्या आसपास गाड्या सुट्या होतात. दरवाजे एका दुकानात, दिवे दुसऱ्यात, बंपर फुटपाथवर दोऱ्यांना टांगलेले. आरएसचं उत्पादन बंद होऊन तोवर तीन वर्षं झाली होती, त्यामुळे काका दर महिन्याला फेरी मारायचे, जशी माणसं म्हाडाच्या लॉटरीची यादी बघायला जातात. २०२३ च्या मार्चमध्ये फोन आला. आरएस आली आहे, पुढून ठोकलेली, मागची बाजू कोरी करकरीत. काका रिक्षानं गेले आणि रिक्षानंच आले. मागचा पूर्ण आडवा बीम, दोन्ही हब, डिस्क, कॅलिपर, हँडब्रेकच्या केबली. बीम रिक्षात मावेना, हातभर बाहेर आला. त्या टोकाला काकांनी आपला लाल रुमाल बांधला होता आणि आत बसून दुसरं टोक असं धरलं होतं, जसं काही वरातीत घोड्याचा लगाम.

मी म्हणालो, ‘काका, एक शंका. या गाडीला चार डिस्क होत्या ना?’

‘होत्या म्हणजे? ह्याच त्या!’

‘मग ती ठोकली कशी?’

काकांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. ‘ब्रेकनं थांबते गाडी. दाबायचं काम ड्रायव्हरचं.’

हे वाक्य पहिल्या मजल्यावरच्या तात्यांना आवडलं. तात्यांनी एकतीस वर्षं काळी-पिवळी पद्मिनी चालवली, चारही ड्रमवर. पावसात पाण्यातून गाडी काढली की ब्रेक हलके दाबत दाबत सुकवायचे, उतारावर दोन पंप मारायचे, घाटात ज्या गिअरनं चढलात त्याच गिअरनं उतरायचं, हे त्यांचं शिक्षण. पुढे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, त्या दिवशी ते दिवसभर जेवले नाहीत. बीम आला त्या दिवशी काकांना ते म्हणाले, ‘ब्रेक चांगलो आसा म्हणान माणूस जास्त पळयता. माका ठावक होता आपलो ब्रेक कसो आसा ता. म्हणान मी कोणाक ठोकूक नाय.’

कुरारच्या गॅरेजमधल्या उस्तादांनी बीम बघून आधी हात जोडले. ‘काका, कंपनी का इंजीनियर पागल है क्या? सोच के ड्रम दिया है.’ खरंच विचार करून दिलेला असतो. ड्रम स्वस्त पडतो, धूळ-चिखल आत जात नाही, शू बरीच वर्षं टिकतात, हँडब्रेकची पकड फुकटात चांगली मिळते, आणि हलक्या गाडीला मागे तेवढं पुरतं. शिवाय उस्तादांनी दुसरा मुद्दा काढला, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. गाडीत एबीएसचा डबा असतो, कुठल्या चाकाला किती दाब द्यायचा ते तो बघतो, आणि त्याची सगळी आकडेमोड ज्या मॉडेलचा तो असतो त्याच्या ब्रेकवर बसवलेली असते. मागे डिस्क आली हे त्याला कोण सांगणार? आरएसचा डबा आणावा, तर तो इंजिनाजवळ पुढे असतो, आणि त्या गाडीचं पुढचं सगळं पापड झालेलं. काका म्हणाले, ‘कॉम्प्युटर आहे तो. शिकेल हळूहळू.’ उस्तादांनी वर बघितलं. मीही बघितलं. काकांच्या सगळ्या उपद्व्यापातली ही एक गोष्ट मला आजही हसण्यावारी नेता येत नाही. ज्याला वाचून हुरूप येईल त्यानं इथे थांबावं.

काम मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी झालं. उस्तादांनी अवजड काम केलं, पण ब्रेकमधली एअर काढायचा मान काकांनी स्वतःकडे ठेवला आणि पेडलवर मला बसवलं. तो प्रकार असा. चाकाजवळच्या निपलला पारदर्शक नळी लावायची, तिचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल भरलेल्या बाटलीत बुडवायचं. खालून हुकूम येतो, ‘मार… मार… मार… धर!’ पेडल दाबून धरायचं. खाली निपल पाव फेरा सैल होतो, पायाखालचं पेडल जिवंत जनावरासारखं खोल जातं, नळीतून बुडबुडे निघतात. ‘सोडू नको! सोडू नको! आता सोड.’ सोडायला अर्ध्या क्षणाची घाई झाली की हवा परत आत, आणि पहिल्यापासून सुरुवात. मी तीनदा घाई केली. मे महिना, काचा बंद, कारण उघड्या काचेतून पोरं सल्ले देत होती. दीड तासानंतर माझी उजवी पोटरी माझी राहिली नव्हती. शेवटी नळीतून सलग मधासारखं पिवळं ऑइल आलं, एकही बुडबुडा नाही. काका खालून बाहेर आले, चष्म्यावर ऑइलचा ठिपका, आणि म्हणाले, ‘बघ, किती स्वच्छ!’ मुलगा झाल्यावरही ते एवढे हसले नसतील.

ब्रेक ऑइल रंगाला खातं. बाटली उचलताना ते थोडं सेक्रेटरींच्या स्कूटरवर उडालं, आणि तिथे आजही महाराष्ट्राच्या नकाशासारखा एक डाग आहे. त्याबद्दल पुढे.

चाचणी आधी घेतली होती एप्रिलात, ड्रम असताना. आता दुसरी. पहाटे साडेपाचला फिल्म सिटीकडे जाणाऱ्या रस्त्याचा एक रिकामा तुकडा, खडूची रेघ, काकूंच्या शिवणाच्या पेटीतली टेप, पंच म्हणून तात्या. ताशी चाळीसनं यायचं, रेघेवर ब्रेक मारायचा, जिथे थांबेल तिथपर्यंत मोजायचं. एप्रिलात तीन वेळा मोजून सरासरी साडेआठ मीटर आली होती. आता काका आले, रेघेवर कचकन ब्रेक मारला, पायाखाली एबीएस गुरगुरला, गाडी थांबली. टेप लावली. साडेआठ मीटर. पुन्हा केलं. साडेआठला चार बोटं कमी. तिसऱ्यांदा साडेआठला दोन बोटं जास्त.

कुणी काही बोलेना. कारण मला माहीत होतं, पण ते त्या वेळी बोलायचं नव्हतं. एका ब्रेकमध्ये गाडीला थांबवणारी शेवटची वस्तू डिस्कही नसते आणि ड्रमही नसतो, ते टायर असतं. दोन्ही ब्रेक चाक जाम करण्याइतके समर्थ असतील तर पुढची गोष्ट रबर आणि डांबर यांच्यातली आहे. शिवाय चाळीसच्या वेगात डोळ्यांनी बघून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी अकरा मीटर गेलेली असते. म्हणजे ब्रेकपेक्षा आपणच जास्त जागा खातो.

तात्यांनी टेप गुंडाळली. काका म्हणाले, ‘रस्ता ओला होता.’ मे महिना होता. तात्या म्हणाले, ‘व्हय, दव पडला आसतला.’

मग लक्षात आलं की डिस्क कुणाला दिसतच नाही. डेल्टाची पोलादी चाकं, वर प्लॅस्टिकची टोपी. एवढा खटाटोप करून वस्तू पदराआड. म्हणून सोळा इंची अलॉय आले, सोळा इंचीसाठी नवे टायर आले. काकूंनी हे सगळं एका डायरीत लिहून ठेवलंय, डावीकडे बलेनो, उजवीकडे मिक्सर. मिक्सर त्या वेळी आठ महिने बंद होता. एकदा चटणी पाट्यावर वाटता वाटता त्यांनी फक्त एवढं विचारलं, ‘अहो, मिक्सरला वरच्या मॉडेलचं काही बसत नाही का?’ काकांना तो प्रश्न खरा वाटला. त्यांनी मिक्सर उघडला. तो अजून उघडाच आहे.

सोसायटीच्या वार्षिक सभेत विषय क्रमांक सात होता ‘पार्किंगमधील तेलकटपणा व अन्य’. सेक्रेटरींनी नकाशाचा डाग दाखवला. दिंडोशीच्या सत्र न्यायालयात वकिली करणारे आमचे दुसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब उठले आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काढलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात सांगितलंय की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपुस्तक जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. काकांनी खिशातून आपलं नोंदणीपुस्तक काढलं. इंजिन नंबर, चासी नंबर, रंग, इंधन, सीट किती. ‘यात ब्रेक कुठेय दाखवा.’ वकीलसाहेब चष्मा काढून म्हणाले, ‘दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येईल. तुम्ही आधी विमा कंपनीला कळवा.’ काकांनी दोन पानी पत्र लिहिलं, सोबत कॅलिपरचे फोटो. उत्तर आलं की आपण आमचे मोलाचे ग्राहक आहात.

पावसाळा लागला. सोमवार ते शनिवार गाडी उभी, आणि उघडी ताटली म्हटल्यावर दमट हवेत तिच्यावर एका रात्रीत तांबूस गंज चढायचा. ड्रमलाही चढत असणारच, पण तो आतल्या आत, घरातल्या भांडणासारखा. हिचा अलॉयमधून दिसायचा. काका रोज संध्याकाळी मेट्रोतून उतरून आधी मागच्या चाकापाशी उकिडवे बसत, मग घरी जात. दोनदा ब्रेक मारला की गंज जातो, त्यासाठी ते गाडी गेटपर्यंत नेऊन परत आणत. तेव्हाच ती ओरडायला लागली. कमी वेगात पॅड थरथरले की डिस्कमधून बारीक कर्कश शीळ येते, तशी. पॅडच्या कडा घासून झाल्या, मागे ग्रीस लावून झालं, शीळ कायम. एक फायदा झाला. वॉचमन वळणावरची शीळ ऐकून आधीच गेट उघडून ठेवायला लागला, आणि सोसायटीतली कुत्री काकांच्या स्वागताला रांगेत उभी राहायला लागली.

पण काकांचं सगळं लक्ष गणपतीवर होतं. दर वर्षी कोकणात गावी जायचं म्हणजे कशेडीचा घाट. पोलादपूर सोडलं की चढण, मग खेडच्या बाजूला लांबच लांब उतार, वळणामागून वळण. तिथे डिस्क म्हणजे काय ते काकूंना, चिरंजीवांना आणि मुख्य म्हणजे मागच्या सीटवर लिफ्ट मागून बसलेल्या तात्यांना दाखवायचं होतं. त्या गणपतीच्या तोंडावर, सप्टेंबर २०२३ मध्ये, कशेडीच्या बोगद्याची एक बाजू कोकणात जाणाऱ्या लहान गाड्यांसाठी उघडली. अख्खा घाट दहा मिनिटांत. फाट्यावर काकांनी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, ‘जुना रस्ता मोकळा असेल.’ गाडीतून तीन आवाज एकदम आले, ‘बोगदा!’ बोगदा सपाट होता. आत दिवे होते. काकांनी एकदाही ब्रेक मारला नाही.

परतीला मात्र बोगदा नव्हता. येणाऱ्या गाड्यांना जुना घाटच. काका म्हणे आदल्या रात्री झोपले नाहीत. घाट चढून गाडी पोलादपूरच्या उताराला लागली, काकांनी बाह्या सरसावल्या, आणि समोर लाल दिवे दिसले. गौरी-गणपती करून अख्खी मुंबई परत निघाली होती. पुढे एसटी, तिच्यापुढे टेम्पो, टेम्पोच्या पुढे काय ते दिसत नव्हतं. पूर्ण उतार पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या चालीनं. तात्या मागून म्हणाले, ‘आता खयचो ब्रेक नि खयचा काय, चप्पल खाली टाकलंव तरी गाडी रवात.’ त्या दिवशी चारही डिस्कमध्ये मिळून एक कटिंग उकळली नसेल.

राहिला हँडब्रेक. ड्रममध्ये शू फाकून धरतात, तिथे पकड घट्ट बसते. या कॅलिपरवर केबलीनं ओढली जाणारी छोटी तरफ आहे, आणि कुर्ल्याच्या केबली आधीच थोड्या ताणलेल्या. सपाटीला काही कळत नाही. आमची सोसायटी चढावर. ऑक्टोबरात एका रात्री बलेनो कुणालाही न सांगता हातभर मागे आली आणि सेक्रेटरींच्या स्कूटरला टेकून उभी राहिली, नेमकी नकाशाच्या बाजूला. सकाळी काकांनी केबल आवळली, लिव्हर दोन दाते जास्त ओढला, आणि मागच्या चाकाला एक वीट लावली. वीट पावसात विरघळायला लागली, तेव्हा तिच्या जागी सिमेंटचा ठोकळा आला.

मागच्या महिन्यात सातव्या मजल्यावरच्या थ्री बीएचकेत काम निघालं, स्वयंपाकघराचा जुना ओटा फोडला. काका दोनदा जाऊन बघून आले. आता बलेनोच्या मागच्या चाकाखाली काळ्या ग्रॅनाइटचा तुकडा आहे, एका बाजूनं पॉलिश केलेला.